‘उंबरठा’ पाहिल्यावर पडलेला प्रश्न: नवरा ‘खुशाल जा’ म्हणतोय, मग भीती कसली वाटते?

प्रश्न थोडक्यात असा होता: “मी बँकेत आहे. बढती मिळतेय, पण त्यासोबत दोन वर्षांसाठी दुसऱ्या जिल्ह्यात बदली. मुलगी सात वर्षांची. घरी सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई आहेत, त्या म्हणतात आम्ही बघतो तिच्याकडे. नवरा म्हणतो, खुशाल जा. परवा आम्ही दोघांनी ‘उंबरठा’ पाहिला. संपल्यावर तो म्हणाला, ‘मी काही त्या सुभाषसारखा नाही.’ मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. या चित्रपटातून आम्ही नेमकं काय घ्यायचं? शेवट असाच होणार असेल तर जाऊच नये का?”

जावं की जाऊ नये हे मी सांगणार नाही, तो निर्णय तुमचा. मात्र शेवटाला घाबरून ‘नको’ म्हणत असाल तर थोडं थांबा. कुटुंब-समुपदेशनाच्या कामात हा चित्रपट मी अनेक जोडप्यांना पाहायला सांगितला आहे आणि बहुतेक जण तुमच्यासारखेच शेवटावर अडकतात. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली, सुलभा घर सोडून निघाली, म्हणजे बाई बाहेर पडली की संसार मोडतो. एवढाच हिशेब घेऊन ते येतात. माझ्या मते या चित्रपटातलं शिकण्यासारखं बरंचसं त्याच्या आधीच घडून गेलेलं असतं.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. ‘उंबरठा’ १९८२ चा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. स्मिता पाटील सुलभा महाजन झाली आहे, गिरीश कार्नाड तिचा वकील नवरा सुभाष. खातंपितं, प्रतिष्ठित घर. सुलभाला संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून नेमणूक मिळते. घरून आधी विरोध होतो. पुढे जाऊबाई लहानग्या राणीला सांभाळायला तयार होतात आणि सुलभा जाते. आश्रमात ती भ्रष्ट कारभाराशी, व्यवस्थापन समितीशी, पुढाऱ्यांच्या हस्तक्षेपाशी झगडते, थकते, राजीनामा देऊन परत येते. तोवर घर तिच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. नवरा दुसऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधाची कबुली देतो, आणि ती पुन्हा बाहेर पडते. या वेळी कुठल्याही नेमणुकीशिवाय.

आता बघा, या घरात खलनायक कोण आहे? शोधून सापडत नाही. १९३७ चा प्रभातचा ‘कुंकू’ आठवून पाहा. तिथे नीराचं लग्न तिच्या बापाच्या वयाच्या माणसाशी लावलेलं असतं. अन्याय उघड्या डोळ्यांना दिसतो, ती तोंडावर नकार देते आणि प्रेक्षक पहिल्या रिळापासून तिच्या बाजूचा असतो. ‘उंबरठा’त कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, हुंडा मागत नाही. सुभाष सुसंस्कृत आहे, बायकोवर त्याचं प्रेमही आहे. म्हणूनच आजच्या घरांना हा चित्रपट जास्त लागू पडतो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी अनेकींचं पहिलं वाक्य असतं, “तसा त्रास काही नाही हो घरात.” दुसरं वाक्य यायला मग बराच वेळ लागतो.

महाजनांच्या घरात सुलभाला मिळते ती परवानगी. कुरकुरीनंतर मिळते, पण मिळते. ती गेल्यावर घरातल्या पुरुषांच्या दिवसात काय बदललं, हे चित्रपट पाहताना तपासा. जवळजवळ काहीच नाही. कोर्ट तेच, जेवण वेळेवर, मूल झोपलेलं. सुलभाच्या वाट्याचं काम उचललं ते दुसऱ्या बाईने. तुमच्या नवऱ्याचं ‘खुशाल जा’ मी खोटं मानत नाही. तो मनापासूनच म्हणत असणार. पण ते वाक्य उच्चारायला त्याला काही खर्च आलेला नाही, आणि तुमची झोप कदाचित तिथेच उडाली असावी. तुम्ही दोन वर्षं बाहेर राहाल तेव्हा त्याच्या मंगळवारात काय वेगळं असेल? हे त्याला विचारा. मंगळवार मुद्दाम म्हणते. रविवारचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं.

आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं होता, पुरुषांचा ९७. आणि अशी कामं करणाऱ्यांचं प्रमाण बायकांत ८१ टक्के, पुरुषांत २६ टक्के. म्हणजे चारपैकी जवळपास तीन पुरुषांनी पाहणीच्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. ही पाहणी ‘उंबरठा’नंतर सदतीस वर्षांनी झाली आहे. बाई बाहेर पडली हे खरं. घरात त्या प्रमाणात कुणी शिरलं नाही.

माझ्या खोलीत मी जोडप्यांना एक साधं काम देते. दोघांना वेगवेगळे कागद द्यायचे आणि सांगायचं, घर एक आठवडा चालायला काय काय लागतं ते लिहा. एकमेकांचं बघायचं नाही. एका नवऱ्याने लिहिलं होतं: दूध, वीजबिल, गाडीचं सर्व्हिसिंग, मुलाला शाळेत सोडणे. बायकोचा कागद पाठपोट भरला, तिने दुसरा मागितला. त्यात एक ओळ होती, ‘बुधवारी पांढरे मोजे’. त्याने विचारलं, “बुधवारीच का?” ती म्हणाली, “पीटी असते ना.” तो माणूस वर्षभर रोज स्वतः मुलाला शाळेत सोडत होता. बुधवारी मुलाच्या पायात पांढरे मोजे आधीच चढलेले असायचे, म्हणून ते कुणीतरी लक्षात ठेवून, मंगळवारी धुऊन, वाळवून काढून ठेवतं हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. तो आळशी नव्हता. त्याच्या वाट्याला काम यायचं ते तयार होऊन यायचं, इतकंच.

तुम्ही दोघांनी जाण्याआधी हे करा. पण यादी झाल्यावर ‘मी मदत करीन’ या उत्तरावर थांबू नका. एकेक काम पूर्ण कुणाचं, ते ठरवा. पूर्ण म्हणजे आठवण ठेवण्यासकट. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कुणाचा नंबर आहे? मुलीला ताप आला तर शाळा कुणाला फोन करणार? हा दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तुमचं बदलीचं गाव दोनशे किलोमीटर लांब असेल आणि तरी पहिला फोन तुम्हालाच येणार असेल, तर तुम्ही दोन नोकऱ्या करणार आहात. शाळेत जाऊन पहिला संपर्क म्हणून वडिलांचा नंबर लिहून या. हे मी जवळजवळ प्रत्येक आईला सांगते आणि बऱ्याचजणी तेवढंच टाळतात. कारण ‘त्याला नाही जमणार’. जमतं. पहिले दोन महिने वाईट जातात, मग जमतं. त्या दोन महिन्यांत तुम्ही लांबून सूचनांचा भडिमार केला नाही तर लवकर जमतं.

आता जाऊबाईंकडे येऊ. चित्रपटावर इतकं बोललं जातं, पण या व्यक्तिरेखेवर फारसं कुणी थांबत नाही. सुलभाचं बाहेर पडणं तिच्या खांद्यावर उभं आहे. तिला कुणी विचारलं की तिला काय हवंय? राणीला ती जीव लावते, राणी तिची होते, आणि सुलभा परत येते तेव्हा लेक आपल्यापासून दुरावल्याचं तिला दिसतं. सगळे सुलभाच्या दुःखाने हळहळतात. पण त्या जावेकडून मूल परत काढून घेतलं जाईल तेव्हा तिचं काय, हेही खरं दुःख आहे. तुमच्या घरात हा प्रश्न आत्ताच उघड बोला. ‘आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या बाईला आपल्याकडे आभाराचे दोन शब्द आणि दिवाळीला साडी मिळते. मी म्हणेन, तिचे कोणते तास मोकळे राहतील ते ठरवा. त्या वेळेत मुलीकडे वडिलांनी बघायचं. दुपारी मुलीसाठी बाई ठेवायची असेल तर पगार दोघांच्या पगारातून. एकीची बढती दुसरीच्या बिनपगारी दोन वर्षांवर उभी राहणार असेल, तर त्यात बदललं काय? ओझं एका बाईकडून दुसरीकडे गेलं, घराची रीत तशीच राहिली.

मुलीबद्दल. सात वर्षांचं मूल ‘आई कामाला गेली’ हे समजू शकतं. त्याला न समजणारी गोष्ट असते ती अनिश्चितता. ‘येते हं लवकर’ असं म्हणू नका. कॅलेंडरवर तारखेला गोल करा आणि त्या तारखेला या. एखादी तारीख हुकणार असेल तर तिला तुम्ही स्वतः सांगा, आजीकरवी निरोप नको. रोजचा फोन लांबलचक नसला तरी चालेल, वेळ ठरलेली असावी. आणि ती फोनवर बोलायला नाही म्हणाली, खेळायला पळाली, तर ते बरं चाललंय असं समजा. लेक आपल्यावाचून रडली नाही म्हणून रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. हे ऐकायला क्रूर वाटेल, पण आपली गरज संपली की आपलं स्थान संपलं, असं बायकांच्या मनावर इतकं कोरलेलं असतं की मुलाचं सुखरूप असणंही टोचतं. सुलभालाही परतल्यावर तेच टोचतं, असं मला वाटतं. घर मोडलेलं असतं तर तिने ते उभं केलं असतं. ते तिच्याशिवाय नीट चाललेलं असतं, आणि तिला त्यात बसायला जागा उरलेली नसते.

मग नवऱ्याची दुसरी बाई. हे टाळून चालणार नाही, तुमच्या मनात तेच आहे. ‘ती दूर गेली म्हणून त्याने असं केलं’ हे वाक्य मी दोन्ही बाजूंकडून ऐकते, बायकासुद्धा म्हणतात. अंतरामुळे एकटेपणा येतो, हे कबूल. सुलभाही आश्रमात एकटीच होती. तिच्या एकटेपणाला कुणी सवलत दिली नाही, तिने मागितलीही नाही. लांब राहणाऱ्या जोडप्यांना माझं सांगणं एवढंच असतं की एकटेपणा आला की तो बोलायचा. ‘काय जेवलीस, काय जेवलास’ यापलीकडे जाऊन. आठवड्यातला एक फोन असा ठेवा की ज्यात मुलगी, सासूबाई, गॅस सिलिंडर यांचा विषय निघणार नाही. सुरुवातीला गंमत वाटते, बोलायला काही सुचत नाही. ते न सुचणं हीच माहिती आहे, आणि ती दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी.

कायद्याची बाजू थोडी सविस्तर सांगते, कारण नोकरीसाठी बायकोने वेगळ्या गावी राहणं हा आपल्याकडे नुसता भावनेचा विषय नव्हता, तो कोर्टात लढला गेलेला विषय आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातल्या कलम ९ खाली, जोडीदार सबळ कारणाशिवाय वेगळा राहत असेल तर ‘नांदायला यावं’ असा हुकूम मागता येतो. १९६४ साली पंजाब उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात नोकरीसाठी दुसरीकडे राहणाऱ्या बायकोविरुद्ध निकाल दिला. नवऱ्याच्या छताखाली राहणं हे तिचं पहिलं कर्तव्य, असा त्या निकालाचा सूर होता. १९७८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एका मुख्याध्यापिकेचं प्रकरण आलं. तिची नोकरी पंजाबातल्या सुनाम गावी, पगार नवऱ्यापेक्षा जास्त, आणि नवऱ्याचा आग्रह की तिने सगळं सोडून दिल्लीला यावं. न्यायालयाने सांगितलं की संसार कुठल्या गावी मांडायचा हे ठरवण्याचा एकट्या नवऱ्याला अधिकार नाही, बायकोलाही तेवढाच आहे. ‘उंबरठा’ याच्या चार वर्षांनी आला. महाजनांच्या वकिली घराला हे माहीत असायला हरकत नव्हती! कलम ९ मात्र अजून कायद्यात आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं होतं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या घरात असलं काही होईल असं दिसतही नाही. पण बदली दोघांच्या संमतीने घेतली आहे, हे कुठेतरी लिहिलेलं असलेलं बरं. साधा ईमेल पुरे: किती काळ, मुलगी कुठे राहणार, खर्च कसा वाटायचा, सहा महिन्यांनी पुन्हा बसून बोलायचं. बँकेत बसून दिवसभर लोकांकडून सह्या घेणाऱ्या बाईला घरातलं काही कागदावर आणायला संकोच वाटतो, हे मला नेहमी नवल वाटतं. पुढेमागे खरंच वाद झाला तर वकिलाकडे जा, समुपदेशकाचा सल्ला तिथे पुरत नाही.

चित्रपटाचा अर्धा भाग आश्रमात घडतो आणि ‘घर की करिअर’ असल्या चर्चेत तो वाहून जातो. मला तो भाग जास्त शिकवणारा वाटतो. सुलभाला वाटत असतं की घराबाहेर पडलं की काम करता येईल. बाहेर तिला भेटते व्यवस्थापन समिती. निराधार बायकांच्या नावाने चाललेल्या संस्थेत निर्णय प्रतिष्ठितांचे, नियम त्यांच्या सोयीचे, आणि गप्प राहणारी अधीक्षक सगळ्यांना हवीशी. आश्रमातल्या बायकांना माणूस म्हणून वागवायला लागताच ती अडचणीची ठरते. म्हणजे घरात ज्या आज्ञाधारकपणाची अपेक्षा होती तीच इथे, फक्त पगारी. बाईने नोकरी धरली की मोकळी झाली, या भाबड्या समजुतीला या चित्रपटाने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी चांगलाच तडाखा दिला होता.

तुम्ही शाखेत अधिकारी म्हणून जाल. नव्या गावात ‘मॅडम घरदार सोडून आल्यात’ ही कुजबुज पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. कामाचे मतभेद झाले तर ते लेखी ठेवा, तोंडी सूचना आली की ‘आपल्या बोलण्यानुसार’ म्हणून लगेच मेल टाका. दहापेक्षा कमी माणसांच्या शाखेतही २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे. बँकेची अंतर्गत समिती कुठे बसते आणि तिच्या अध्यक्ष कोण, ते रुजू होतानाच विचारून ठेवा. आणि गावात दोन माणसं जोडा ज्यांचा बँकेशी संबंध नाही. सुलभाजवळ कामाबाहेरचं कुणी नव्हतं. आश्रम हरला तेव्हा तिच्या हातात काहीच उरलं नाही, असं मला तो चित्रपट पुन्हा पाहताना प्रकर्षाने जाणवतं.

‘मी सुभाषसारखा नाही’ याचं काय करायचं? वाद घालू नका. प्रत्येक नवरा चित्रपटातल्या नवऱ्यापेक्षा स्वतःला बरा समजतो, आणि बहुतेकदा तो बराही असतो. त्याला विचारा, सुभाषने त्या काळात नेमकं काय करायला हवं होतं? ‘तिला साथ द्यायला हवी होती’ हे उत्तर घेऊ नका. संगमवाडीला किती वेळा जायला हवं होतं? राणीचं कोणतं काम त्याने स्वतःकडे घ्यायला हवं होतं? कोर्टातली कोणती कामं कमी करायला हवी होती? पडद्यावरच्या माणसाबद्दल बोलताना लोक मोकळे होतात, स्वतःबद्दल विचारलं की बचावाला उभे राहतात. तो सुभाषसाठी जी यादी सांगेल ती लिहून घ्या. तीच त्याची यादी आहे, आणि हे त्याला तुम्ही सांगायची गरज सहसा पडत नाही.

समजा, या सगळ्यातून लक्षात आलं की तो एकही मंगळवार बदलायला तयार नाही. तरीही जाता येतं. तेव्हा मात्र सोबत आहे या समजुतीत जाऊ नका. पैशांची, मुलीच्या सांभाळाची, येण्याजाण्याची व्यवस्था एकटीच्या हिशेबाने करा. सुलभाने घरचा होकार हीच सोबत समजली, असं माझं मत आहे. दुसऱ्यांदा निघताना तिला तो गैरसमज उरलेला नाही, म्हणून तिच्या त्या निघण्याकडे मी पराभव म्हणून पाहत नाही. ते माझं वाचन झालं, तुमचं वेगळं असू शकतं.

आणि बढती नाकारायचीच झाली तर नाकारण्याचे नियम आधी वाचा. पुन्हा संधी कधी, मधली किती वर्षं बाद, ज्येष्ठतेवर परिणाम काय, हे कर्मचारी विभागाकडून लेखी घ्या आणि तो कागद घरात सगळ्यांसमोर ठेवा. जाण्याची किंमत काय ते घरात सगळ्यांनी मोजलेलं दिसतंय, न जाण्याची अजून कुणी मोजलेली नाही.